पुरात भिजलेल्या घरांची सुकवणी व दुरुस्ती (चंद्रपूर व गडचिरोली जिल्हे)

पुराचे किंवा अतिवृष्टीचे पाणी शिरलेल्या घरातून पाणी व गाळ काढणे, भिंती, लाकूड आणि जमीन यांतील ओल सुरक्षित पातळीपर्यंत उतरवणे, जागा निर्जंतुक करणे आणि मगच डागडुजी करणे, असे हे क्रमाने करायचे काम आहे. चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत त्याला दोन टप्पे पडतात. पाणी ओसरताच नुकसान वाढू न देणे हा पहिला टप्पा. कायमची दुरुस्ती हा दुसरा. तो पावसाळा सरल्यावर, घर आतून कोरडे झाल्यावरच हाती घ्यावा. दोन्ही एकाच आठवड्यात उरकल्यास ओल भिंतीत कोंडली जाते आणि खर्च वाया जातो.

पुराची कारणे : दोन्ही जिल्ह्यांत वर्षाला साधारण १,२०० ते १,५०० मिमी. पाऊस पडतो व त्याचा बहुतांश भाग जून ते सप्टेंबर या काळात येतो. वर्धा व वैनगंगा चपराळ्याजवळ एकत्र येऊन प्राणहिता होते आणि ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. भामरागड येथे इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम यांचा संगम आहे. पर्लकोटेवरील जुना ठेंगणा पूल बुडून भामरागडचा संपर्क तुटण्याचे प्रकार वारंवार घडले आहेत. चंद्रपूर शहरात इरई व झरपट या नद्यांचे पाणी वस्तीत शिरते; वर्धेला पूर असला की इरईच्या पाण्याला वाट मिळत नाही व ते मागे फुगते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस गोसीखुर्द धरणातून झालेल्या मोठ्या विसर्गामुळे वैनगंगेकाठी ब्रह्मपुरी, देसाईगंज, आरमोरी या भागांत पाणी शिरले. जुलै २०२२ मध्ये वर्धा, इरई, प्राणहिता आणि गोदावरी या नद्यांच्या पुराने चंद्रपूरपासून सिरोंच्यापर्यंतच्या वस्त्यांना फटका बसला.

आर्द्र हवेतील सुकवणी : पाणी ओसरल्यावर दारे-खिडक्या उघडून पंखे लावले की घर सुकेल, ही समजूत ऑगस्टमध्ये खरी ठरत नाही. २८° से. तापमानाची हवा एका घनमीटरमध्ये जास्तीत जास्त सु. २७ ग्रॅम बाष्प सामावते. सापेक्ष आर्द्रता ९० टक्के असेल, तर जेमतेम पावणेतीन ग्रॅमची जागा उरते. १० फूट लांब, रुंद आणि उंच खोलीतील सगळी हवा मिळून सु. ७५ ग्रॅम पाणी उचलू शकते. उलट, तीन किलोची एक साधी वीट वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत, म्हणजे अर्ध्या लिटरहून अधिक पाणी शोषू शकते. एका विटेसाठी खोलीतील हवा आठ वेळा बदलावी लागते, आणि भिंतीत अशा शेकडो विटा असतात.

यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे हवेतील बाष्प काढून टाकणे. सिमेंटच्या घरात दारे-खिडक्या बंद करून बाष्पशोषक यंत्र लावतात व पंख्याचा झोत भिंतीलगत सोडतात; यंत्र चालू असताना खिडकी उघडी राहिली तर ते बाहेरचीच हवा सुकवत बसते. दुसरा म्हणजे हवा तापवणे. तीच हवा ३८° से. पर्यंत तापवली, तर तिची पाणी उचलण्याची क्षमता सु. आठपट होते. कवेलूच्या घरात हवा छपरातून सतत निसटत असल्यामुळे यंत्राचा उपयोग होत नाही. तेथे चुलीची ऊब आणि वाहती हवा हाच मार्ग उरतो. मात्र बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही ठेवू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच जीव जाऊ शकतो.

पहिला टप्पा : घरात पाऊल टाकण्यापूर्वी मुख्य वीजजोडणी बंद करावी, बोर्ड आणि वायरिंग वीजतंत्र्याने तपासल्याशिवाय ती सुरू करू नये. अडगळीत, कवेलूंत आणि सरपणात नाग, मण्यार, घोणस आसऱ्याला आलेले असू शकतात, म्हणून सामान काठीने हलवूनच उचलावे. पाणी शिरल्याची रेघ भिंतीवर असतानाच सर्व खोल्यांची छायाचित्रे घ्यावीत. पंचनामा होईपर्यंत गाळ तसाच ठेवण्याची चाल घराच्या मुळावर येते. ओल्या वस्तूवर २४ ते ४८ तासांत बुरशी धरू लागते.

अमेरिकेतील आयआयसीआरसी या संस्थेने १९९४ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेल्या ‘एस५००’ मानकात घरात शिरलेल्या पाण्याच्या स्वच्छतेनुसार तीन श्रेण्या केल्या आहेत. पुराचे पाणी तिसऱ्या, सर्वांत दूषित श्रेणीत मोडते. म्हणून त्यात भिजलेल्या गाद्या, उशा, प्लायवूड व उघडे धान्य टाकून द्यावे. ढोलीतले भिजलेले धान तेथेच राहिल्यास तापते व कोंब फुटून कुजते. गाळ ओला असतानाच खरवडावा, पृष्ठभाग स्वच्छ धुवावा आणि नंतर निर्जंतुक करावा. ग्रामपंचायतीकडील टीसीएल (ब्लीचिंग) पावडर लिटरमागे सु. ३० ग्रॅम घेतल्यास क्लोरीनचे एक टक्का द्रावण मिळते. गाळावरच द्रावण ओतल्यास क्लोरीन गाळातच खर्ची पडतो. ही पावडर आम्लाबरोबर कधीही मिसळू नये. सांदवाडीत साचलेले पाणी त्याच दिवशी वाट काढून सोडावे. त्यात डास वाढतात, आणि गडचिरोली हा राज्यातील सर्वाधिक हिवतापग्रस्त जिल्हा आहे.

घराचा प्रकार व दुरुस्ती : मातीची भिंत पाण्यात असेपर्यंत उभी दिसते, पण तिचा पाया मऊ झालेला असतो आणि पाणी उतरताना किंवा उतरल्यावर ती कोसळू शकते. तिला दोन्ही बाजूंनी बल्ल्यांचे टेकू द्यावेत आणि त्या खोलीत झोपू नये. तळाची विरघळलेली माती काढून तो भाग कोरडा झाल्यावर टप्प्याटप्प्याने भरावा. कुडाची भिंत या बाबतीत सोपी असते. भिजलेला लेप उतरवला की बांबूचा ताटवा मोकळा होतो व दोन्ही बाजूंनी सुकतो. कुजलेल्या कामट्या बदलून नवा लेप व पोतारा करता येतो. नव्या बांबूस बोरॅक्स व बोरिक आम्लाची प्रक्रिया केल्यास कीड लागत नाही, मात्र हे क्षार पाण्याने धुपत असल्यामुळे प्रक्रिया केलेला बांबू जमिनीपासून उंच ठेवावा. चंद्रपूर जिल्ह्यातील चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केलेला, डांबरयुक्त द्रावण मिसळलेला मातीचा गिलावा पावसाने लवकर धुपत नाही.

मातीच्या ओल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा देणे ही सर्वांत महाग पडणारी चूक होय. आतील ओलीला बाहेर पडता येत नाही, गिलाव्यामागे माती भुसभुशीत होते आणि काही काळाने थरच सुटतो. विटांच्या घरकुलात ओल केशाकर्षणाने रेघेच्या वर चढते. सुकताना क्षार बाहेर येऊन लोणा लागतो. तेथे फुगलेला गिलावा पाण्याच्या रेघेच्या वरपर्यंत उतरवून विटा उघड्या ठेवाव्यात. सागाचा गाभा टिकाऊ असतो, पण जमिनीत गाडलेल्या खांबाचा जमिनीलगतचा भाग आधी कुजतो, म्हणून तेथे टोचून पाहावे.

ओलीची तपासणी : लाकडात वजनाच्या सु. २० टक्क्यांहून अधिक ओलावा राहिला तर कुजवणारी बुरशी वाढू शकते. व्यावसायिक कामात ओलावामापकाने रोज नोंद घेतात व त्याच घरातील न भिजलेल्या भागाशी तुलना करतात. मापक नसल्यास हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी भिंतीला घट्ट चिकटवून रात्रभर ठेवावा. सकाळी आत दव धरलेले दिसले, तर रंग आणि गिलावा लांबणीवर टाकावा. जाड भिंतीची ही चाचणी बहुधा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या कोरड्या हवेतच समाधानकारक उतरते.

शासकीय साहाय्य : तलाठी व ग्रामसेवक यांच्या पंचनाम्यावर मदत ठरते. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२–२६ या कालावधीच्या केंद्रीय निकषांनुसार पूर्णतः नष्ट घरास सपाट प्रदेशात १,२०,००० रु., किमान १५ टक्के नुकसान झालेल्या पक्क्या घरास ६,५०० रु., कच्च्या घरास ४,००० रु. आणि घराला जोडलेल्या गोठ्यास ३,००० रु. अशी मदत ठरवण्यात आली.

व्यवस्थेची गरज : हे काम आज गवंडी, सुतार, वीजतंत्री आणि पोतारा करणाऱ्या घरच्या बाया यांच्यात वाटले गेलेले आहे. पूर दर काही वर्षांनी येणाऱ्या तालुक्यांत गाळपंप, जनित्र, बाष्पशोषक यंत्रे व ओलावामापक यांचा संच तालुक्याच्या ठिकाणी आधीच असला पाहिजे, आणि गावोगावच्या गवंड्यांना सुकवणीचे प्रशिक्षण मिळाले पाहिजे. मदतीची रक्कम दोन हप्त्यांत, अर्धी पाणी ओसरताच आणि उरलेली भिंत सुकल्यावर दिली, तर ती ओल्या भिंतीवरच्या गिलाव्यात जाणार नाही.