सायकलीची कावड

रसद तुटली म्हणजे फौजेचे काय होते, हे मराठी वाचकाला कुणी नव्याने सांगायला नको. १७६१ साली पानिपतावर आपले सैन्य तलवारीला तोंड देण्याआधीच भुकेने खंगले होते. त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी व्हिएतनामच्या डोंगरांत हाच पोटाचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. आणि तो सोडवायला कामी आली ती जुनी, साधी सायकल!

२० नोव्हेंबर १९५३ रोजी फ्रेंच छत्रीधारी सैनिक लाओसच्या सरहद्दीजवळ दिएन बिएन फूच्या खोऱ्यात उतरले. भोवती डोंगर आणि दाट रान. फ्रेंचांची रसद विमानाने येणार होती. पण शत्रूने हजारो माणसांचा तांदूळ आणि तोफांचे गोळे या रानातून आणायचे कसे? ते त्यांना साधणार नाही, अशी फ्रेंच सेनापतींची खात्री होती.

ही खात्री अगदीच वेडगळ नव्हती. आपणही हिशेब मांडून पाहू. खांद्यावर कावड घेतलेला माणूस डोंगरवाटेने पंचवीस किलो तांदूळ नेतो, त्याला रोज एक किलो शिधा लागतो, आणि जायला बारा, परतायला बारा दिवस लागतात असे धरा. चोवीस किलो त्याच्याच पोटात गेले. आघाडीवर उरला एक किलो! अशी हजार माणसे राबली, तर लढणाऱ्या हजारांचे एका दिवसाचे जेवण होणार.

म्हणून सायकली जमा झाल्या. गंमत अशी की, त्यांतल्या कितीतरी फ्रेंच बनावटीच्याच होत्या. गावोगावच्या लोकांनी त्यांचे रूप पालटले. सांगाड्याला लाकडाचे नाहीतर लोखंडाचे टेकू बांधून तो बळकट केला. हँडलला आडवा लांब बांबू जखडला, म्हणजे बाजूने चालणाऱ्याला चाक वळवता यावे. सीटमागे उभा दांडा रोवला, तो चढावर रेटायला आणि उतारावर आवरायला. ट्यूब टिकावी म्हणून तिच्यावर जुन्या ट्यूबचे तुकडे आणि कापडाच्या चिंध्या गुंडाळल्या. मग दोन्ही अंगांना पोती लटकावली.

आता या सायकलीवर बसायला जागाच उरली नाही. आणि सारी किमया तिथेच आहे. माणूस खाली उतरला, पायी चालू लागला, आणि त्याचा खांदा मोकळा झाला. पंचवीस किलोंची कावड दोनशे किलोंची झाली! चढावर जोडीला दुसरा गडी लागला आणि दोघांचा शिधा वजा केला, तरी दीडशे किलो उरतातच. मा वान थांग नावाच्या एका हमालाने तर एका खेपेला ३५२ किलो नेल्याची नोंद आहे.

अशा सुमारे वीस हजार सायकली आणि अडीच लाखांहून अधिक माणसे या कामी लागली. मालमोटारी, होड्या, घोडी होतीच; पण जिथे मोटारीची वाट संपे तिथे सायकल पुढे होई. विमानांतून बाँब पडत, म्हणून ही रांग बहुधा रात्रीची चाले. तीत बायकाही होत्या. कित्येकजण त्या वाटेवरच राहिले. विजयाच्या कथेत त्यांची नावे क्वचितच येतात.

१३ मार्च १९५४ रोजी डोंगरांवरून तोफा सुरू झाल्या. महिना संपण्यापूर्वीच फ्रेंचांची धावपट्टी निकामी झाली. रसद तुटली ती विमानवाल्यांची! ७ मे रोजी छावणी पडली. दुसऱ्याच दिवशी जिनीव्हात इंडोचायनाच्या तहाची बोलणी सुरू झाली.

त्यांतल्या काही सायकली आज व्हिएतनामच्या संग्रहालयांत जपून ठेवल्या आहेत. पण त्यांची जातकुळी ओळखायला इतक्या दूर जायला नको. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवून चढावर सायकल रेटणारा गवळी आपण सर्वांनी पाहिला आहे. तोही चढावर खाली उतरतो, आणि ओझे मात्र चाकांवरच राहू देतो.