सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकृती : लक्षणनिश्चितीचा इतिहास

मज्जाविकृती व चित्तविकृती यांपैकी कोणत्याच वर्गात न बसणाऱ्या रुग्णांना अ‍ॅडॉल्फ स्टर्न यांनी १९३८ मध्ये 'सीमारेषेवरील गट' म्हटले. संज्ञा मात्र दीर्घकाळ संदिग्ध राहिली. उपचारांना दाद न देणाऱ्या रुग्णावर तिचा शिक्का बसे. गंडरसन व सिंगर यांनी १९७५ मध्ये निदानासाठी सहा लक्षणे मांडली. अमेरिकन निदानपुस्तिकेत १९८० मध्ये आठ व १९९४ मध्ये नऊ निकष आले. आवेगी वर्तन, तीव्र पण अस्थिर नाती, आत्मइजा, रितेपणा यांसारखी किमान पाच लक्षणे आवश्यक ठरली. एखादे लक्षण म्हणजे निदान नव्हे, हे स्पष्ट झाले. लिनेहन यांनी १९९३ मध्ये उपचारपद्धती ग्रंथबद्ध केली आणि २०११ मध्ये स्वतःच्या तरुणपणातील मानसिक आजार जाहीर केला. लक्षणे ओळखणे हा उपचाराचा आरंभ ठरला.