विषाच्या बाटलीवरचा रंगीत त्रिकोण

बागलाणातल्या नामपूरच्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात फळीवरच्या बाटल्या पाहा. कांद्याचा करपा, फुलकिडे, डाळिंबावरचे डाग, मोसम खोऱ्यातल्या प्रत्येक पीकदुखण्यावरचं औषध तिथे मिळतं. आणि प्रत्येक बाटलीवर, पुड्यावर एका टोकावर उभा केलेला चौकोन असतो. वरच्या अर्ध्यात कवटी किंवा इशाऱ्याचा शब्द, खालच्या अर्ध्यात रंग: लाल, पिवळा, निळा नाहीतर हिरवा. शेतकरी त्या खालच्या त्रिकोणाकडेच बघतो.

त्याची कुळकथा शेतात नाही, समुद्रावर सुरू होते. 1958च्या एप्रिल-मेमध्ये केरळ आणि तेव्हाच्या मद्रास राज्यात गव्हाच्या पिठाचे पदार्थ खाऊन माणसं पटापट दगावू लागली. शंभराहून अधिक गेली. पीठ आणि पॅराथिऑन हे जहाल कीटकनाशक एकाच बोटीतून आलं होतं; गळलेलं विष पोत्यांत मुरलं. चौकशी आयोगावर नेमले गेले मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शहा. विषारी रसायनांची वाहतूक, साठवण आणि विक्री यांवर कायद्याचा लगाम हवा, हा विचार तिथून जोर धरू लागला. तरी कायदा यायला दहा वर्षं लागली. कीटकनाशक कायदा 1968चा, नियम 1971चे. त्या नियमांत हा चौकोन आखून दिला आहे: लेबलच्या दर्शनी भागाचा किमान सोळावा हिस्सा त्याने व्यापलाच पाहिजे.

रंग ठरतो तो मात्र त्याहून जुन्या मापाने. ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जे. डब्ल्यू. ट्रेव्हन यांना डिजिटॅलिस, इन्सुलिन यांसारख्या औषधांची ताकद नेमकी मोजायची होती. कुठल्या मात्रेला निम्मे प्राणी मरतात, हे माप त्यांनी 1927 साली मांडलं. तेच एलडी-50. उंदराच्या दर किलो वजनामागे 50 मिलिग्रॅमपर्यंत विष पुरलं तर लाल, 500पर्यंत पिवळा, 5000पर्यंत निळा, त्यापुढे हिरवा. औषधशास्त्र, संख्याशास्त्र आणि कायदा यांनी मिळून घडवलेली ही खूण अक्षरओळख नसलेल्या माणसालाही कळते. तिने जीव वाचवले असणार, यात मला शंका नाही.

पण ती एकाच प्रश्नाचं उत्तर देते: एकदा पोटात गेलं तर किती विषाने मराल? हंगामभर पाठीवर पंप घेऊन फिरणाऱ्याच्या रक्तात काय साचतं, ते ती सांगत नाही. करप्यावर सर्रास मारलं जाणारं मॅन्कोझेब घ्या. एलडी-50 पाच हजारांच्या वर, म्हणून हिरवा. त्याच मॅन्कोझेबची मान्यता युरोपीय संघाने डिसेंबर 2020मध्ये काढून घेतली, कारण संप्रेरकांत होणारा बिघाड आणि गर्भाला असलेला धोका. हिरवा रंग बघून तोंडाला फडकं न बांधणारा माणूस अडाणी नाही. त्याला मिळालेली माहितीच अर्धी आहे.

उरलेली अर्धी माहिती एका विद्याशाखेच्या हाती लागत नाही. केरळातल्या कासरगोडच्या काजूबागांवर 1970च्या दशकाच्या अखेरीपासून 2000पर्यंत हेलिकॉप्टरने एन्डोसल्फान फवारलं गेलं. तिथल्या मुलग्यांचं वयात येणं लांबतंय, हे अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने दाखवलं. त्यासाठी रक्तातले अंश मोजावे लागले, मुलं तपासावी लागली आणि फवारणी नसलेल्या गावाशी तुलना करावी लागली. सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली 2011मध्ये. आपल्याकडे 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले. एकाच पंपात दोन-तीन रसायनं कालवलेली. त्या मिश्रणाला ना लेबल, ना रंग. पोटात-अंगात नेमकं काय गेलंय हे न कळल्याने उपचारही अवघड झाले.

ज्या 1971च्या नियमांनी त्रिकोण दिला, त्यांतच आणखी एक तरतूद आहे. सेंद्रिय फॉस्फरस आणि कार्बामेट गटातली विषं हाताळणाऱ्याच्या रक्तातलं कोलिनेस्टरेज तपासावं. कीटकनाशक कारखान्यातल्या कामगाराचं तर दरमहा, फवारणी कामगाराचं डॉक्टर सांगतील तेव्हा. हे विकर घसरू लागलं की माणूस कोसळण्याआधीच धोका कळतो. त्रिकोण प्रत्येक बाटलीवर पोचला. ही तपासणी बागलाणातल्या किती रोजंदारांनी ऐकली तरी आहे? निर्यातीच्या द्राक्षाला फवारणीची नोंदवही ठेवावी लागते, माल प्रयोगशाळेतून जावा लागतो, कारण खाणारा युरोपात आहे. फवारणाऱ्यासाठी तशी वही नाही, आणि हा अन्याय आहे.

तोवर आपल्या हातात आहे तेवढं करू. कुठल्या दिवशी, कोणी, काय मिसळून मारलं ते वहीत लिहा. आणि फवारताना कोणाला चक्कर, घाम, उलटी झाली, तर त्याला दवाखान्यात नेताना पंपात घातलेल्या सगळ्या बाटल्या सोबत न्या.