बालुत आणि बलुतं

फिलिपिन्समध्ये 'बालुत' नावाचा पदार्थ फेरीवाले संध्याकाळी विकतात. बदकाचं अंडं, आत पिल्लू अर्धवट वाढलेलं. उकडायचं आणि मीठ किंवा व्हिनेगर घालून खायचं. मनिलाजवळचं पातेरोस त्यासाठी प्रसिद्ध. परक्यांना किळस, त्यांना कौतुक.

नाव ऐकून मला आपलं बलुतं आठवलं. शब्दांचं नातं काहीच नाही, पण डोकं तिथेच अडकलं. गावगाड्यात मेलेलं जनावर ओढून नेणं महारांकडे, आणि त्याचं मांस म्हणे त्यांचा 'हक्क'! त्याच्या चान्या वाळवून ठेवायच्या, टंचाईत पुरवायच्या. किळस करणाऱ्या गावानेच हा वाटा ठरवून दिला होता.

मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मृतमांस सोडायला सांगितलं. नोव्हेंबरमध्ये ते आमच्या अमरावतीच्या परिषदेला आले, तेव्हा प्रश्न अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा होता. ताट काय नि देऊळ काय, मुद्दा एकच: माणूस म्हणून मोजता की नाही?

लोकांनी ते खाणं सोडलं ते भूक संपली म्हणून नव्हे, मान हवा होता म्हणून. म्हणूनच आपल्याकडे त्याचं बालुतसारखं कौतुक झालं नाही. शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या जेवणाची नोंद केली. वऱ्हाडातल्या चुलींचंही कुणीतरी लिहायला हवं. म्हाताऱ्या माणसांना जरूर विचारा. फक्त चवीच्या आधी, ते ताटात आलं कसं, हे विचारा.