घोडा उडी का मारतो?

लंडनच्या रॉयल अकॅडमीत चित्रकार जॉन कॉन्स्टेबलचं ‘द लीपिंग हॉर्स’ हे चित्र आहे. घोड्याचे पुढचे पाय हवेत, पाठीवर पोरगा, गळपट्ट्याला किरमिजी झालर. शर्यतीचा वाटतो, पण हा पडाव ओढणारा घोडा. स्टूर नदीच्या काठाने घोडे पडाव ओढत जायचे. शेजारच्या रानातली गुरं पलीकडे जाऊ नयेत म्हणून त्या वाटेत सुमारे तीन फूट उंचीचे आडसर घातलेले असत. घोड्यांना ते ओलांडायलाच शिकवलेलं होतं.

1705च्या कायद्याने सडबरीपासून मॅनिंगट्रीपर्यंत ही नदी मालवाहतुकीला खुली झाली. पुढे नदीकाठच्या फ्लॅटफर्डची पिठाची गिरणी आणि पडाव जॉनच्या बापाच्या, गोल्डिंग कॉन्स्टेबलच्या, मालकीचे झाले. पीठ पडावांतून खाली मिस्टलीला, तिथून त्याच्याच गलबतातून लंडनला जाई. जॉनने धंद्याकडे पाठ फिरवली, पण नजर तिथेच राहिली. 1814 साली त्याने फ्लॅटफर्डच्या गोदीतला पडाव रंगवला: अर्धवट बांधलेला सांगाडा, विखुरलेली हत्यारं, डांबराच्या भांड्याखाली जाळ. पडाव बापाचा, गोदीही बापाचीच.

1816मध्ये गोल्डिंग वारला. धंदा जॉनच्या धाकट्या भावाने, एब्रमने, सांभाळला, जॉनने लंडनला संसार थाटला. सहा फुटी चित्रांची मालिका सुरू झाली ती त्यानंतर. एवढा मोठा कॅनव्हास लोक इतिहासपुरुषांसाठी राखत, याने त्यावर घरचा धंदा चढवला!

1819च्या ‘द व्हाइट हॉर्स’मध्ये तर घोडाच पडावात उभा आहे. ओढायची वाट मध्येच दुसऱ्या काठाला जाई, मग त्याला तरीवरून न्यावं लागे. ही बाब गिरणीवाल्याच्या पोरालाच सुचणार. ते चित्र मित्र जॉन फिशरने 100 गिनींना घेतलं आणि त्याच वर्षी कॉन्स्टेबल अकॅडमीचा सहयोगी सदस्य झाला. 1824चं ‘द लॉक’ अकॅडमीच्या प्रदर्शनाच्या पहिल्याच दिवशी खपलं.

1825चा उडी मारणारा घोडा मात्र चित्रकाराच्या हयातीत विकला गेला नाही. प्रदर्शनातून परत आल्यावर त्याने घोड्यासमोरचं विलोचं खोड रंगाखाली बुजवलं आणि मागे नेलं. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधल्या तेवढ्याच मोठ्या कच्च्या चित्रात ते अजून घोड्याच्या पुढ्यात उभं आहे.