स्वामित्वदर्शक सर्वनामे (इंग्रजी भाषेतील)

पुरुषवाचक सर्वनामांच्या प्राचीन षष्ठ्यन्त रूपांपासून इंग्रजीत जी रूपे सिद्ध झाली, त्यांस स्वामित्वदर्शक सर्वनामे ही संज्ञा आहे. त्यांचे दोन वर्ग पडतात : नामाच्या आधी येऊन त्यास मर्यादित करणारी ‘माय’, ‘युअर’, ‘हिज’, ‘हर’, ‘इट्स’, ‘अवर’, ‘देअर’ ही रूपे आणि नामाचा आधार न घेता स्वतंत्रपणे वाक्यात उभी राहणारी ‘माइन’, ‘युअर्स’, ‘हर्स’, ‘अवर्स’, ‘देअर्स’ ही रूपे. पहिल्या वर्गास जुने वैयाकरण विशेषणांत घालीत, अर्वाचीन वैयाकरण निर्धारकांत घालतात. मराठी शाळांतून ज्यास सार्वनामिक विशेषण म्हणतात, त्याच्याशी तो बराच जुळतो. ‘हिज’ हे रूप दोन्ही वर्गांत सारखेच राहते, तर ‘इट्स’ स्वतंत्रपणे जवळजवळ येतच नाही.

‘स्वामित्वदर्शक’ हे नाव रूढ असले तरी ते फसवे आहे. ‘माय ट्रेन’ म्हणणारा मनुष्य आगगाडीचा मालक नसतो आणि ‘हिज मर्डरर’ या शब्दांतील खुनी मृताच्या ताब्यातील वस्तू नसतो. गाव, गुरू, पराभव, आजार, शेजारी अशा मालकीच्या पलीकडल्या असंख्य संबंधांना ही रूपे सारख्याच निर्विकारपणे वाहून नेतात. इतर विभक्तींनी न व्यापलेले जे संबंध शिल्लक उरतात ते सर्व षष्ठीच्या पदरात घालणारा पाणिनी या बाबतीत इंग्रजी संज्ञाकारांहून अधिक सावध होता, असे म्हणणे भाग आहे.

मराठी वाचकास या रूपांचा विशेष चटकन जाणवतो तो असा की, त्यांचा मेळ स्वामीशी असतो, वस्तूशी नसतो. ‘माझा भाऊ’, ‘माझी बहीण’, ‘माझे घर’ येथे मराठी रूप नामाच्या लिंगानुसार बदलते. इंग्रजी ‘माय’ तिन्ही ठिकाणी अढळ राहते. उलट मराठीची एक सोय इंग्रजीत मुळीच नाही. ‘त्याने आपले पुस्तक घेतले’ आणि ‘त्याने त्याचे पुस्तक घेतले’ यांतील भेद इंग्रजीतील एकटे ‘हिज’ दाखवू शकत नाही, आणि म्हणून दस्तऐवजांचे मसुदे करणाऱ्या वकिलांस सर्वनाम सोडून पक्षकाराचे नाव किंवा त्याची भूमिका पुनःपुन्हा लिहावी लागते. ‘आमचा’ आणि ‘आपला’ या दोहोंचेही काम तेथे एकटे ‘अवर’ करते.

ऐतिहासिक दृष्ट्या पाहिले असता या रूपांचे आजचे नेटके कोष्टक बरेच अलीकडचे ठरते. प्राचीन इंग्रजीतील ‘मीन’ या रूपातील अन्त्य नकार व्यंजनापूर्वी गळत जाऊन ‘माय’ झाले. स्वरापूर्वी मात्र तो कित्येक शतके टिकला, म्हणून ‘माइन आइज’ यांसारखे प्रयोग जुन्या काव्यात आणि धर्मग्रंथांत आढळतात. ‘देअर’ हे तर मूळचे इंग्रजी नव्हेच. उत्तरेकडून आलेल्या स्कँडिनेव्हियन वसाहतकारांच्या भाषेतून ते शिरले, आणि चौदाव्या शतकातील चॉसर कर्तृरूप ‘दे’ स्वीकारूनही या जागी जुने देशी रूपच वापरीत होता. सर्वांत तरुण ‘इट्स’. नपुंसकलिंगी नामासाठीही पूर्वी ‘हिज’च चाले; सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘इट्स’ छापील ग्रंथांत दिसू लागले, आणि १६११ च्या अधिकृत बायबल-भाषांतराने त्याला मूळ आवृत्तीत थारा दिला नाही. पुढे दीर्घकाळ ते लोपचिन्हासह लिहिले जात असे. अमेरिकेच्या १७८७ च्या राज्यघटनेच्या हस्तलिखितात, राज्यांच्या तपासणी-कायद्यांसंबंधीच्या कलमात, ते तसेच आहे. आज तेच चिन्ह ‘इट इज’ याच्या संक्षेपासाठी राखून ठेवले असल्यामुळे ज्या चुकीबद्दल विद्यार्थ्याचे गुण कापले जातात, ती घटनाकारांच्या काळी शिष्टसंमत होती, हे शिक्षकांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

दैनंदिन बोलीत ही रूपे सढळपणे येतात, विशेषतः शरीरावयवांच्या बाबतीत. फ्रेंच भाषिक जेथे केवळ उपपद योजून ‘हात धुतले’ एवढेच सांगतो, तेथे इंग्रज ‘माय’ घातल्यावाचून राहत नाही. मात्र कोणी कोणाच्या डोक्यावर मारले वा हाताला धरले, असे सांगताना तोही उपपदाकडे वळतो. इंग्लंडच्या उत्तर भागात घरच्या माणसाचा उल्लेख ‘अवर टॉम’ असा होतो, त्यातील जिव्हाळा ‘आमचा बंड्या’ म्हणणाऱ्यास समजावून सांगावा लागत नाही. पुष्कळ बोलींत ‘माय’चा उच्चार ‘मी’ असा होतो, आणि ‘हिज’ व ‘हर’ यांना ‘माइन’च्या धर्तीवर नकार जोडून केलेली ‘हिझन’, ‘हर्न’ ही रूपेही ग्रामीण इंग्रजीत नांदली. पंडितांनी ती अशिष्ट ठरविली, यापलीकडे त्यांचा काही अपराध नाही.

‘अ फ्रेंड ऑफ माइन’ हा प्रयोग येथे स्वतंत्र विचारास पात्र आहे. जुन्या इंग्रजीत दर्शक सर्वनाम आणि ‘माय’ ही एकाच नामापूर्वी लागोपाठ येऊ शकत. आधुनिक भाषेत त्या जागी एकालाच प्रवेश असल्यामुळे, मराठीत ‘हा माझा मित्र’ असे जे सहज म्हणता येते, त्यासाठी इंग्रजीला ‘ऑफ माइन’ हा वळसा घ्यावा लागतो. वळशाला अर्थाचाही रंग चढला आहे : ‘दॅट नोज ऑफ हिज’ म्हणताना वक्त्याच्या मनात त्या नाकाविषयी आदर नसतो.

औपचारिक लेखनात सर्वाधिक वाद माजला तो क्रियावाचक नामापूर्वीच्या रूपावरून. ‘त्याच्या जाण्याला माझी हरकत आहे’ हा आशय सांगताना ‘हिज गोइंग’ म्हणावे की ‘हिम गोइंग’? फाउलर बंधूंनी १९०६ मध्ये आणि त्यांतील ज्येष्ठ हेन्री फाउलर याने १९२६ च्या आपल्या शब्दप्रयोग-कोशात दुसऱ्या प्रकारावर कडक टीका केली. डॅनिश पंडित ओटो येस्पर्सन याने उलट मान्यवर लेखकांचे दाखले पुढे ठेवून तो भाषेच्या स्वाभाविक वाढीचाच भाग असल्याचे प्रतिपादिले. पुराव्याचे पारडे येस्पर्सनकडे झुकते, तरी सरकारी व विद्यापीठीय लेखनात ‘हिज गोइंग’ हेच अधिक निर्धोक मानले जाते.

पत्रांच्या शेवटच्या मायन्यात ही सर्वनामे शिष्टाचाराची केवळ खूण उरली आहेत. ब्रिटिश शिरस्त्याप्रमाणे ‘डिअर सर’ने आरंभिलेले पत्र ‘युअर्स फेथफुली’ने आणि नावाने आरंभिलेले ‘युअर्स सिन्सिअरली’ने संपते, सरकारी खलित्यांत स्वतःस ‘युअर मोस्ट ओबीडिअंट सर्व्हंट’ म्हणविण्याची रीत होती, आणि मराठी अर्जांतील ‘आपला आज्ञाधारक’ याच दप्तरी वातावरणात स्थिरावला. ‘युअर मॅजेस्टी’, ‘युअर एक्सलन्सी’ या संबोधनांत समोरच्या व्यक्तीऐवजी तिच्या महत्तेशी बोलायचे असल्यामुळे क्रियापद तृतीय पुरुषी येते. परोक्ष उल्लेखात मात्र स्वामीचे लिंग डोकावते. म्हणून ८ सप्टेंबर २०२२ रोजी एलिझाबेथ राणीच्या निधनानंतर ब्रिटनच्या कागदोपत्री ‘हर मॅजेस्टी’चे ‘हिज मॅजेस्टी’ झाले. भारतीय व्यापारी पत्रांतील ‘युअर गुडसेल्फ’ हा याच विनयाचा अतिरेक असून तो टाळणे बरे.

लिंगाचा प्रश्न ‘एव्हरीवन’सारख्या सर्वनामांपाशी विशेष अडतो. बोलण्यात त्यामागून ‘देअर’ चौदाव्या शतकापासून येत आले आहे. अठराव्या शतकापासून व्याकरणांनी आणि मागून कायद्याने ‘हिज’चा आग्रह धरला. अलीकडे वृत्तपत्रांच्या व विद्वत्संस्थांच्या शैलीपुस्तिकांनी एकवचनी ‘देअर’ला क्रमशः मान्यता दिली आहे. विधिलेखन मात्र सावकाश हलते. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या आठव्या कलमाने ‘ही’ आणि त्यापासून साधलेली रूपे पुरुष व स्त्री दोघांसही लागू केली होती. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या इंग्रजी पाठाने त्यांत तृतीयपंथी व्यक्तींचाही समावेश केला, परंतु सर्वनाम ‘ही’ आणि ‘हिज’ हेच ठेवले.