मुंबई सोडून गेलेले लोक परत का आले?

मोठं शहर सोडून छोट्या, परवडणाऱ्या ठिकाणी राहायला जावं का, हा प्रश्न सध्या आमच्या घरी रोज जेवताना निघतो. मी २८ वर्षांचा, सॉफ्टवेअर इंजिनिअर, राहतो पुण्यात वाकडला. फ्लॅटचं भाडं २८ हजार. कंपनीने कायमचं घरून काम करायला परवानगी दिली आहे. कराडला तेवढाच फ्लॅट ९ हजारात मिळतोय आणि पाटण तालुक्यातलं आमचं मूळ गावही तिथून जवळ. अडचण एकच. बायको फिजिओथेरपिस्ट आहे. तिचं काम लॅपटॉपवर होत नाही.

आता इंजिनिअर म्हटल्यावर मी आधी एक्सेल उघडलं. पण त्यात फक्त भाडंच दिसत होतं. म्हणून म्हटलं, आपल्याकडे लोकांनी याआधी शहर सोडलं तेव्हा पुढे काय झालं ते बघू. आजचा भाग त्यावर आहे.

१८९६: अर्धी मुंबई रिकामी

सप्टेंबर १८९६. मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ विएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी ताप आणि गाठी आलेला पेशंट तपासला आणि हा प्लेग आहे हे ओळखलं. तेव्हा शहराची लोकसंख्या साधारण ८ लाख. पुढच्या काही महिन्यांत त्यातले जवळपास निम्मे लोक मुंबई सोडून गेले. कोणी रेल्वेने घाटावर, कोणी बोटीने कोकणात. भीती रोगाची होतीच, पण सरकारी झडतीची, बळजबरीने दवाखान्यात आणि छावणीत नेण्याचीही तेवढीच होती.

मग गंमत बघा. गिरण्यांना माणसं मिळेनात. एरवी कामगाराचा पगार महिन्याचा आणि तोही उशिरा हातात पडायचा. आता जे मागे राहिले ते रोजच्या रोज रोख मजुरी मागायला लागले आणि मालकांना ती द्यावी लागली. नाक्यानाक्यावर कामगारांची पळवापळवी चालली होती.

म्हणजे गावात जीव वाचत होता, खर्च कमी होता. तरी लोक तिकडे राहिले का? नाही. १९०१ च्या जनगणनेत मुंबई ७ लाख ७६ हजारांवर होती, १९११ मध्ये ९ लाख ७९ हजारांवर. प्लेग पुरता गेलेला नसतानाही माणसं परत येत होती. कारण १८९६-९७ मध्ये आणि पुन्हा १८९९-१९०० मध्ये दख्खनमध्ये दुष्काळ पडला. गावात राहणं स्वस्त होतं, पण हातात पैसा देणारं काम नव्हतं.

दोन दारं

लोकांना परत येता आलं, हेही महत्त्वाचं आहे. गिरणीत माणसं भरायचा तो जॉबर. तो बहुतेक वेळा आपल्याच गावचा, आपल्याच नात्यातला माणूस घ्यायचा. सुगीला गावी जाऊन आलात तरी त्याच्या ओळखीने पुन्हा आत शिरता यायचं. निदान बदली कामगार म्हणून सकाळी गेटवर उभं राहता यायचं. राहायला गावच्या मंडळाची खोली असायची. एका खोलीत वीस-पंचवीस जण, पाळीप्रमाणे झोपायचे, जेवायला खानावळ.

हे झालं शहरातलं दार. दुसरं दार गावाकडे. तिथे जमिनीचा तुकडा, घर, आई-वडील, बायको. कामगार महिन्याला मनीऑर्डर पाठवायचा, आणि आजारी पडला किंवा काम सुटलं तर गाव त्याला सांभाळायचं.

माझे आजोबा असेच पाटणहून गिरणगावात गेले. आजी गावीच राहिली. हे आमच्या घरात नेहमी एका वाक्यात सांगितलं जातं. पण त्या वाक्यात काय काय आहे ते मला आत्ता कळतंय. भांगलण, जनावरं, सासू-सासऱ्यांचं दुखणंखुपणं, पोरांच्या शाळा, सगळं तिच्याकडे. गावचं दार उघडं राहिलं ते तिने ते ओढून धरलं म्हणून. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांमध्ये साधारण पाचवा हिस्सा बायका होत्या. नंतरच्या दशकांत ते प्रमाण घसरत गेलं. म्हणजे बायकांसाठी शहरातलं दार हळूहळू बंदच होत गेलं.

१९८२: एक दार बंद

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. साधारण अडीच लाख कामगार बाहेर पडले. हा संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. महिने लोटले तसे कामगार गावाकडे जायला लागले. आतापर्यंत मनीऑर्डर मुंबईहून गावाला यायची, आता गावाहून मुंबईच्या खोलीवर धान्य जायला लागलं.

सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, १८९६ सारखंच होईल. थोडे दिवस जाऊ, मिटलं की परत येऊ. पण या वेळी अनेक गिरण्या उघडल्याच नाहीत, आणि उघडल्या त्यांनी हजारो जणांना परत घेतलं नाही. आजोबाही त्यातलेच. गावी राहणं स्वस्तच होतं हो. पण त्यांनी ते निवडलेलं नव्हतं. पुढची वीस वर्षं घर चाललं ते आजीच्या शेतीवर.

मग आमचं काय ठरलं?

आपली तुलना त्यांच्याशी थेट होत नाही, मान्य. माझ्याकडे लॅपटॉप आहे, हायवेवरून पुणं काही तासांवर आहे. पण मी स्वतःला तेच दोन प्रश्न विचारले. उद्या कंपनीने घरून काम बंद केलं तर माझ्यासाठी जॉबर कोण? माझ्याकरता ते म्हणजे पुण्यातले जुने सहकारी, ओळखी, चालू राहिलेलं शिक्षण. ते मला कराडहून जपता येईल, जरा कष्ट पडतील.

दुसरा प्रश्न जास्त अवघड. हे दार कोणाच्या जिवावर उघडं राहणार? भाड्यात महिन्याला १९ हजार वाचतात, पण बायकोचा पगार त्याहून जास्त आहे. तो एक्सेलमध्ये टाकल्यावर फायदा गायब! आणि पगार बाजूला ठेवला तरी, सहा वर्षं शिकून उभं केलेलं काम तिने का सोडायचं?

त्यामुळे आम्ही असं ठरवलंय. कराडमध्येही हॉस्पिटलं आहेत, ती तिकडे काम शोधतेय. तिच्या हातात ऑफर लेटर येईपर्यंत वाकड सोडायचं नाही. आलं तर आधी अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट, घर विकत घ्यायची घाई नाही. नाही आलं तर २८ हजार भरत राहू, कुरकुर करत का होईना.

तुमच्यापैकी कोणी असं गेलं असेल, किंवा जाऊन परत आलं असेल, तर नक्की सांगा. आणि घरात कोणी गिरणीत होतं का, ते आजी-आजोबांना विचारा. विचारताना गावी मागे कोण राहिलं होतं, तेही विचारा. भेटू पुढच्या भागात.